नौकेवरील मोरी कां तुंबते?

घरांतील मोरी तुंबली म्हणजे केवढा खोळंबा होतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. खरकटीं भांडीं तशींच पडून राहतात, पाणी कांठापर्यंत चढतें, आणि अखेरीस कोणी तरी काठी किंवा तार घेऊन बसलें म्हणजे भाताचीं शितें, चहाचा चोथा व तेलकट राड यांचा एक गोळा बाहेर निघतो. गोळा निघाला कीं पाणी खळखळ वाहूं लागतें आणि आपण तो प्रसंग विसरून जातों. परंतु हीच मोरी शिडाच्या नौकेवर असेल, तर गोष्ट इतक्या सहजपणें मिटत नाहीं. तेथें ज्या नळीनें खरकटें पाणी समुद्रांत जातें, त्याच नळीनें समुद्रही नौकेंत येऊं शकतो. म्हणून नौकेवरील मोरीचा निचरा कां मंदावतो, व तो सुधारतांना कोणती काळजी घ्यावी लागते, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. यांत जे नियम येतील ते बहुतेक तुमच्या शास्त्राच्या पुस्तकांतलेच आहेत.

आमच्या कोंकण किनाऱ्यावरील जुन्या गलबतांवर व मचव्यांवर अशी मोरी नसे. खलाशी बादलीस दोर बांधून ती समुद्रांत सोडीत, भांडीं घांशीत आणि पाणी कांठावरून ओतून देत. दूरच्या प्रवासास निघणाऱ्या आधुनिक शिडाच्या नौकेची गोष्ट निराळी आहे. तिच्या पोटांत एक लहानसा संसारच असतो. गोव्यांत बांधलेली ‘म्हादेई’ ही ५६ फूट लांबीची नौका २००९ सालीं भारतीय नौदलांत दाखल झाली. तिजवरून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्यें अभिलाष टोमी यांनीं तीच प्रदक्षिणा वाटेंत कोठेंही न थांबतां पुरी केली. पुढें २०१७-१८ मध्यें गोव्यांतच बांधलेल्या ‘तारिणी’ नौकेवरून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं पृथ्वीला वळसा घातला. अशा प्रवासांत महिनेच्या महिने ती नौका हेंच घर असतें. तेथें चूल असते, पिण्याच्या पाण्याच्या टांक्या असतात, आणि भांडीं धुण्याचें तें कुंडही असतें, ज्यास हल्लीं घरोघरीं सिंक म्हणतात. स्वयंपाकाच्या या जागेस नाविक लोक गॅली म्हणतात.

प्रथम या मोरीची रचना पाहूं. सिंकच्या तळाशीं एक भोंक असून त्यावर जाळी असते. भोंकापासून एक जाड रबरी नळी खालीं जाते. ती नौकेच्या अंगांतून आरपार नेलेल्या धातूच्या तोंडाशीं पोंचते, आणि हें तोंड पुष्कळदां समुद्राच्या पातळीखालीं असतें. नळी व तें तोंड यांच्यामध्यें एक भक्कम तोटी बसविलेली असते. तिला सीकॉक असें नांव आहे. सीकॉक उघडा असला म्हणजे पाणी बाहेर जातें. बंद केला म्हणजे समुद्र बाहेरच राहतो. घरच्या सिंकखालीं नळीला जो वांकडा बांक दिलेला असतो, तो मात्र नौकेवर बहुधा नसतो. हा बांक इंग्लंडांत अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं शौचकूपासाठीं पेटंट घेऊन प्रचारांत आणला. बांकांत साचलेलें पाणी गटारांतील दुर्गंधि वायूला घरांत येऊं देत नाहीं. नौकेच्या नळीच्या टोकाशीं गटार नसून मोकळा समुद्र असतो, तेव्हां तेथें बांकाचें काम नसतें. उलट घाण अडकावयास एक जागा मात्र वाढते.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पाणी नळींतून वेगानें जातें तें कशाच्या बळावर? गॅलिलिओचा शिष्य टोरिसेली यानें १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचा नियम सांगितला आहे. भांड्याच्या भोंकांतून पडणाऱ्या पाण्याचा वेग हा वरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत असतो. म्हणजे उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो. पाण्याची उंची ६० सेंटीमीटर असेल, तर हिशेबानें वेग सेकंदास सुमारें ३.४ मीटर येतो. ती १५ सेंटीमीटर असेल, तर सुमारें १.७ मीटर. नळीच्या घर्षणानें व वळणांनीं प्रत्यक्ष वेग यापेक्षां बराच कमी भरतो, हें ध्यानांत ठेवावें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. नळीचें तोंड समुद्रांत बुडालेलें असतां ही उंची नळीच्या लांबीवरून मोजावयाची नसते. सिंकमधील पाण्याचा पृष्ठभाग आणि बाहेरील समुद्राचा पृष्ठभाग यांमध्यें जें अंतर असेल, तेवढीच उंची पाण्याला ढकलीत असते. समुद्राच्या पातळीखालीं नळी कितीही खोल गेली, तरी तिचा उपयोग नाहीं, कारण तेथें आंतील व बाहेरील पाणी एकमेकांस तोलून धरतें. घरच्या सिंकचें पाणी हात-दीड हात सहज खालीं पडतें. नौकेंतील सिंकचा तळ मात्र समुद्राच्या पातळीपेक्षां पुष्कळदां अवघा वीतभरच उंच असतो. तेव्हां नौकेवरील मोरी मुळांतच दुबळी असते. घरीं जो लहानसा अडथळा कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, तो तेथें निचरा थांबवूं शकतो.

नौकेवर भार वाढला तर ही वीतभर उंचीही घटते. समुद्राच्या पातळीशीं जिचें क्षेत्र २० चौरस मीटर आहे अशी दहा-अकरा मीटर लांबीची नौका घेऊं. आर्किमिडीजच्या सिद्धांताप्रमाणें ती एक सेंटीमीटर खालीं जाण्यास सुमारें २०५ किलोग्रॅम भार लागतो. लांबच्या प्रवासासाठीं अन्न, पाणी व तेल मिळून एक हजार किलोग्रॅम सामान भरलें, कीं ती जवळजवळ पांच सेंटीमीटर खालीं बसते. सिंकचा तळ पंधरा सेंटीमीटर वर असेल, तर त्याची एक-तृतीयांश उंची बंदर सोडण्यापूर्वींच खर्चीं पडली! कालपर्यंत बरी चालणारी मोरी सामान भरतांच आळसावली, तर तिच्या नळींत घाण शोधण्यापूर्वीं ही गोष्ट आठवावी.

शिडाच्या नौकेचा दुसरा स्वभाव म्हणजे वाऱ्यानें कलणें. सिंक जर नौकेच्या मध्यरेषेपासून एक मीटर बाजूस असेल, आणि नौका त्याच बाजूस २० अंशांनीं कलली, तर तें सिंक सुमारें ३४ सेंटीमीटर खालीं जातें. सरळ नौकेंत त्याचा तळ पाण्यावर २० सेंटीमीटर होता असें धरलें, तर आतां तो समुद्राच्या पातळीखालीं सुमारें १५ सेंटीमीटर गेला. द्रव आपली पातळी सर्वत्र सारखी राखतो. म्हणून समुद्र नळीवाटे वर चढतो आणि सिंकमध्यें दिसूं लागतो. सिंक २० सेंटीमीटर खोल असेल, तर त्याचा कांठ अद्याप कसाबसा पाण्यावर राहील. पण नौका ३० अंशांनीं कलली, तर कांठही बुडेल आणि समुद्राचें पाणी सतत नौकेंत सांडत राहील. उलट, तेंच सिंक मध्यरेषेपासून केवळ ३० सेंटीमीटरवर असतें, तर २० अंश कललेल्या नौकेंतही त्याचा तळ पाण्यावर सुमारें ८ सेंटीमीटर राहिला असता. म्हणूनच कुशल नौका-रचनाकार सिंक होईल तितकें मध्यरेषेजवळ ठेवतात. ज्या नौकेंत तें बाजूला आहे, त्या नौकेवर शिडें उभारण्यापूर्वीं सीकॉक बंद करणें, हा नियम पाळावाच लागतो.

तिसरें कारण डोळ्यांस दिसत नाहीं, पण कानांस ऐकूं येतें. तें म्हणजे हवा. अरुंद मानेची भरलेली बाटली एकदम पालथी केली, तर पाणी गुडगुड करीत थांबून थांबून पडतें. कारण हवेला आंत जावयाचें असतें आणि पाण्याला बाहेर यावयाचें असतें, व दोघांना वाट एकच. नौकेच्या नळींतही असेंच घडतें. नळींत समुद्राच्या पातळीपर्यंत पाणी असतें व त्याच्या वर हवा असते. भरलेल्या सिंकचें बूच काढतांच वरून पाणी येतें. हवेस खालीं वाट नसते, कारण तेथें समुद्र आहे. वर वाट नसते, कारण तेथून पाणी येत आहे. मग ती बुडबुडे होऊन पाण्यांतून धडपडत वर निघते. जोंपर्यंत ती निघाली नाहीं, तोंपर्यंत निचरा रेंगाळतो.

नळी मध्येंच लोंबलेली असेल, तर याहून वाईट अवस्था होते. नळी एकदां खालीं, मग वर, मग पुन्हां खालीं अशी गेली, तर खालच्या झोळींत पाणी व वरच्या कमानींत हवा कोंडून राहते. कोंडलेली हवा पुढें सारण्यास जी उंची लागते, ती या मोरीजवळ नसते. शिवाय झोळींत पाण्याचा वेग मंद असल्यामुळें शितें, चोथा व चरबी यांचा गाळ तेथेंच बसतो, आणि हवेनें आरंभिलेलें काम गाळ पुरें करितो.

चौथें कारण चरबीचें. हिवाळ्यांत खोबरेल तेल बाटलींत थिजतें, हें आपण पाहतों. सुमारें २४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं तें घट्ट होऊं लागतें. नौकेची नळी समुद्राच्या पाण्यानें थंड झालेल्या भागांतून जाते. नौका थंड प्रदेशांत गेली, कीं कढईंतील पातळ तूप किंवा तेल नळींत शिरतांच भिंतींस चिकटून थिजतें. त्यांत साबणाची भर पडते. गोड्या पाण्याची काटकसर म्हणून दूरच्या प्रवासांत भांडीं पुष्कळदां समुद्राच्या पाण्यानें धुतात. त्या पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विपुल असतात. साध्या साबणाचा त्यांशीं संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. खाऱ्या विहिरीच्या पाण्यांत साबणाला फेंस येत नाहीं, त्याचें कारणही असेंच असतें. हा साका व थिजलेली चरबी मिळून नळीचा व्यास हळूहळू कमी करितात. व्यास निम्मा झाला, तर मार्गाचें क्षेत्र चौथाईवर येतें, आणि घर्षणही वाढतें. कांहीं नौकांत तर सिंकची नळी ३८ मिलिमीटरची आणि खालचा सीकॉक १९ मिलिमीटरचा, अशी विसंगति बांधतांनाच केलेली आढळते. तेथें नळी कितीही साफ केली, तरी गुण येणार नाहीं.

पांचवें कारण बाहेरून येतें. समुद्रांत बार्नेकल नांवाचे लहान जीव असतात. ते चुन्याचें कठीण कवच करून खडकांस, खांबांस व नौकांच्या तळांस घट्ट चिकटून राहतात. नौकेच्या अंगावरील भोंकाच्या आंत त्यांना सुरक्षित जागा मिळते आणि खरकट्या पाण्याबरोबर अन्नही मिळतें. नौका बरेच दिवस नांगरून पडली, कीं त्यांची वसाहत त्या तोंडांत वाढते. आंतून कितीही तार घातली, तरी हा अडथळा बहुधा जसाच्या तसा राहतो.

आतां एवढ्या कारणांपैकीं आपल्यापुढील मोरीचें कारण कोणतें, हें कसें ओळखावें? घाईनें हत्यार हातीं घेण्यापूर्वीं पाहणें, ऐकणें व मोजणें हीं तीन कामें करावींत. नौका शांत बंदरांत सरळ उभी असतां जाळी काढून साफ करावी. सीकॉकचा दांडा पुरता उघडा आहे कीं नाहीं तें पाहावें. हल्लींच्या बहुतेक सीकॉकांत दांडा नळीच्या दिशेंत असला म्हणजे मार्ग पूर्ण उघडा असतो. मग सिंक ठराविक खुणेपर्यंत भरून बूच काढावें व घड्याळावर वेळ मोजावा. आरंभीं गुडगुड होऊन मग पाणी एकदम झपाट्यानें गेलें, तर दोष हवेचा. आवाज न करितां पाणी सारखें मंद जात राहिलें, तर मार्ग कोठें तरी अरुंद झाला आहे. दोन सिंकांच्या नळ्या खालीं एकत्र मिळत असतील, तर एक भरून दुसऱ्याचें बूच उघडें ठेवून पाहावें. त्यानें गुडगुड थांबली, तर हवेबद्दलचा संशय पक्का झाला. दुसऱ्या सिंकमध्यें पाणी वर आलें, तर अडथळा दोन्ही नळ्यांच्या संगमाखालीं आहे असें समजावें.

यानंतर मार्गाचे दोन भाग पाडून पाहावें. सीकॉक बंद करून नळीचें खालचें टोक सोडावें, तें बादलींत धरावें, आणि सिंकमध्यें पाणी ओतावें. धार भरघोस पडली, तर सिंक व नळी निर्दोष आहेत आणि अडथळा सीकॉकमध्यें किंवा त्याच्या पलीकडे आहे. धार बारीक पडली, तर दोष नळींत आहे. मात्र बादली समुद्राच्या पातळीपेक्षां खालीं असल्यामुळें पाण्याला येथें अधिक उंची मिळते. म्हणून पाणी नेहमींपेक्षां थोडें जलद गेलें एवढ्यावरून निर्णय करूं नये, धार नळीच्या जाडीइतकी येते कीं नाहीं तें पाहावें.

सीकॉकची परीक्षा करावयाची असल्यास त्यास एक दुसरी स्वच्छ नळी पट्टीनें घट्ट बसवावी, तिचें वरचें तोंड समुद्राच्या पातळीच्या पुष्कळ वर धरावें, आणि मग सीकॉक उघडावा. पाणी नळींत झटकन चढून समुद्राच्या पातळीशीं थांबलें, तर वाट मोकळी आहे. तें रेंगाळत चढलें, तर आंत बार्नेकल आहेत किंवा तोटी बिघडली आहे. या परीक्षेंत समुद्र स्वतःच आपल्याला उत्तर देतो.

पण हें सर्व करण्यापूर्वीं धोक्याची जाणीव पक्की असली पाहिजे. समजा, समुद्राच्या पातळीखालीं ६० सेंटीमीटरवर ३८ मिलिमीटर व्यासाचें भोंक उघडें राहिलें. हिशेब केला असतां त्यांतून दर मिनिटास सुमारें १४० लिटर पाणी नौकेंत येतें. घरीं वापरावयाच्या दहा लिटरच्या बादल्यांनीं तें उपसावयाचें, तर मिनिटास चौदा बादल्या झाल्या! एकटा मनुष्य हें काम किती वेळ करूं शकेल, याचा वाचकांनींच विचार करावा. नौका वादळानेंच बुडते असें नाहीं. शांत बंदरांत, माणसें घरीं गेलीं असतां, एक जुनी पट्टी तुटून नळी निसटली तरीही ती बुडूं शकते.

म्हणून नियम असे आहेत. नळी सोडण्यापूर्वीं सीकॉक बंद करावा, आणि तो खरोखर बंद झाला याची खातरी करून घ्यावी. त्यासाठीं पट्टी प्रथम किंचितच सैल करावी. नळींत उरलेलें थोडें पाणी पडून थांबलें, तर पुढें जावें. पाणी येतच राहिलें, तर पट्टी तत्काळ पुन्हां आवळावी व काम नौका किनाऱ्यावर चढवीपर्यंत तहकूब करावें. प्रत्येक सीकॉकजवळ मऊ लांकडाची निमुळती खुंटी दोरीनें बांधून ठेवण्याची नाविकांची जुनी रीत आहे. सीकॉकच तुटला, तर ती खुंटी भोंकांत ठोकतां येते, व पाणी शोषून ती फुगल्यानें अधिकच घट्ट बसते. हें काम मुलांनीं एकट्यानें करूं नये. जाणता मनुष्य जवळ असावाच.

नळींतील घाण काढण्यास पहिला उपाय म्हणजे कढत पाणी व धुण्याचा सोडा. पाणी कढत असावें, पण उकळतें नसावें, नाहीं तर नळी मऊ पडून सांध्यावरून निसटेल. सोड्यानें चरबी सुटते. मग लांब दांड्याच्या रबरी टोपीनें पाणी खालीं-वर ढकलावें. सिंक दोन असल्यास दुसऱ्याचें भोंक ओल्या फडक्यानें दाबून धरावें, नाहीं तर सारा जोर तिकडून निघून जाईल. जोर बेतानें लावावा आणि नंतर सर्व सांधे हातानें चांचपून पाहावेत. याउपर लवचिक तार घालावी. नळी फारच जुनी व आंतून खरबरीत झाली असेल, तर ती साफ करण्यापेक्षां बदलणें शहाणपणाचें.

कॉस्टिक सोड्यासारखीं तीव्र द्रव्यें मात्र नौकेवर वापरूं नयेत. तो पाण्यांत विरघळतांना पुष्कळ उष्णता सुटते, ॲल्युमिनियमला तो खातो व त्यावेळीं हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायु निघतो. हलत्या नौकेंत त्याचा एक शिंतोडा डोळ्यांत उडाला, तर दृष्टि जाण्याचें भय. कित्येक लोक शिरका व खाण्याचा सोडा एकदम ओततात आणि फेंस पाहून संतुष्ट होतात. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांस यांतील व्यर्थता सहज कळेल. आम्ल व अल्क एकत्र आले म्हणजे ते एकमेकांचा गुण नाहींसा करितात. उरतें तें क्षारयुक्त पाणी आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड वायु. शिरका वेगळा वापरला, तर चुन्याचा थर हळूहळू विरघळवील. सोडा वेगळा वापरला, तर चरबीवर चालेल. दोन्ही मिळून फेंस मात्र होईल.

दोष हवेचा असेल, तर नळी कितीही घांसली तरी व्यर्थ. तेथें हवेला तिची स्वतंत्र वाट करून दिली पाहिजे. सिंकच्या लगेच खालीं नळीला एक बारीक फांटा जोडून तो सिंकच्या कांठाहून बराच उंच न्यावा, व त्याचें वरचें तोंड उघडें ठेवावें. पाणी खालीं जातांना कोंडलेली हवा या फांट्यानें निघून जाते. फांट्याचें तोंड मध्यरेषेजवळ व इतकें उंच असावें, कीं नौका कलली तरी तें समुद्राच्या पातळीखालीं जाणार नाहीं. नळी लोंबत असल्यास तिला पट्ट्यांनीं आधार देऊन सबंध मार्ग एकसारखा उतरता करावा. अनावश्यक लांबी कापून टाकावी, व काटकोनी वळणाऐवजीं मोठें वळण द्यावें. सीकॉक नळीपेक्षां अरुंद असेल, तर नौका किनाऱ्यावर असतांनाच तो बदलावा. बार्नेकलही त्याच वेळीं बाहेरून खरवडून काढावेत.

सिंकचा तळ समुद्राच्या पातळीच्या अगदीं जवळ असेल, तर या उपायांनींही भागत नाहीं. मग पडद्याचा लहान पंप बसवून तो हातानें किंवा पायानें चालवावा लागतो. पंपानंतरची नळी पाण्याच्या पातळीवर उंच कमान करून न्यावी, आणि कमानीच्या माथ्याशीं हवेची झडप ठेवावी; नाहीं तर पंप थांबल्यावरही समुद्र त्याच वाटेनें उलट आंत ओढला जाईल. पंपाच्या झडपांत शितें अडकतात, म्हणून तेथें जाळी अधिकच बारीक लागते.

धातूंविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पितळ म्हणजे तांबें व जस्त, आणि कांसें म्हणजे तांबें व कथील. साध्या पितळेंतील जस्त समुद्राच्या पाण्यांत हळूहळू झिरपून जातें. मागें तांब्याचा सच्छिद्र, गुलाबीसर व ठिसूळ सांगाडा उरतो. वरून आकार जसाच्या तसा दिसतो. पण नळी काढण्यासाठीं थोडा जोर लावतांच तो मोडून हातांत येतो. म्हणून समुद्राच्या पातळीखालीं चांगलें कांसें किंवा त्या कामासाठीं मुद्दाम केलेलें भक्कम नायलॉन वापरावें. सीकॉकवर गुलाबी डाग दिसले, तर मोरी बाजूस ठेवून प्रथम त्याचीच व्यवस्था करावी. नळीचीं टोकें न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन-दोन पट्ट्यांनीं आवळावींत, म्हणजे एक तुटली तरी दुसरी धरून ठेवते.

मोरी तुंबूं नये म्हणून करावयाचे उपाय साधे आहेत. ताट-कढई धुण्यापूर्वीं कागदानें पुसावी. उरलेलें तेल डब्यांत भरून किनाऱ्यावर न्यावें. जाळी कधींही काढून ठेवूं नये. सीकॉक महिन्यांतून एकदां तरी उघडझांप करावा, नाहीं तर तो जागींच जाम होतो. नौका सोडून जातांना तो बंद करावा. खरकटें समुद्रांत टाकण्यासही मर्यादा आहेत. समुद्र दूषित होऊं नये म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा कचऱ्याविषयींचा भाग १९८८ च्या अखेरीस अमलांत आला. त्याप्रमाणें प्लास्टिक समुद्रांत कोठेंही टाकण्यास मनाई आहे; आणि अन्नाचे अवशेष सामान्यतः किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडे, अथवा बारीक दळलेले असल्यास तीन मैलांच्या पलीकडेच टाकतां येतात. बंदरांत तर सर्व खरकटें डब्यांत साठविणें हेंच योग्य.

शेवटीं, ज्या मुलांना यांतील शास्त्र डोळ्यांनीं पाहण्याची इच्छा असेल, त्यांच्यासाठीं एक प्रयोग सांगतों. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ वडील माणसाकडून कापून घ्यावा, आणि तिच्या तोंडास दोन हात लांब पारदर्शक नळी घट्ट बसवावी. नळीचें दुसरें टोक पाण्यानें भरलेल्या बादलींत बुडवावें. बाटली उलटी धरून तींत पाणी ओतावें व तें जाण्यास लागणारा वेळ मोजावा. प्रथम बाटली बादलींतील पाण्यावर दोन वीत उंच धरावी, मग अर्धी वीत, मग पाण्याच्या पातळीशीं, आणि अखेरीस पातळीखालीं दाबावी. मधून मधून नळीला एक कमान देऊन हवा कशी कोंडते तेंही पाहावें. प्रत्येक वेळचे आंकडे वहींत मांडावेत. बाटली पातळीखालीं जातांच पाणी उलट वर चढूं लागेल. त्या क्षणीं नौकेवरील मनुष्य शिडें उभारण्यापूर्वीं सीकॉक बंद करण्याची एवढी दक्षता कां बाळगतो, हें कोणी सांगितल्यावांचून समजेल.